दाताच्या इम्प्लांटचं कोटिंग: जास्तीचे पैसे नेमके कशासाठी?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला एक ६६ वर्षांचे गृहस्थ दवाखान्यात आले. त्यांना माझ्याकडून फक्त फिटनेसची चिठ्ठी हवी होती. खालच्या जबड्यातल्या दोन दाढा काढून वर्ष झालेलं, काढघालीची कवळी नको होती, म्हणून इम्प्लांट करायचं ठरलेलं. हातात खर्चाचा कागद होता आणि त्यावर तीन पर्याय होते: साधं, ‘एसएलए’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह नॅनो कोटिंग’. पहिल्या आणि तिसऱ्या पर्यायात एका दाताला जवळजवळ वीस हजारांचा फरक.

“डॉक्टर, तिसरंच घेतो. आयुष्यात एकदाच करायचंय. कोटिंग चांगलं असलं की हलणार नाही ना?”

मी त्यांचे रिपोर्ट उघडले. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ९.४ होती.

मी दंतवैद्य नाही. इम्प्लांट कुठे, किती आणि कुठल्या मापाचा बसवायचा हे मी सांगत नाही आणि सांगूही नये. पण हल्ली कोटिंगचा प्रश्न आम्हा जनरल प्रॅक्टिशनरच्या टेबलावर वारंवार येतो. रस्त्यावरच्या फलकांवर आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत ‘नॅनो’, ‘बायोअ‍ॅक्टिव्ह’, ‘तीन दिवसांत दात’ असे शब्द झळकतात, आणि रुग्ण विचारतो त्याच्या ओळखीच्या डॉक्टरला. शिवाय इम्प्लांट टिकणार की नाही, हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी दंतवैद्याच्या खुर्चीत नसतात, आमच्या फायलीत असतात. म्हणून या कोटिंगमध्ये नेमकं काय आहे आणि काय नाही, ते जरा सविस्तर पाहू.

इम्प्लांट ‘पक्का बसला’ म्हणजे काय?

इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. बसवला त्या दिवशी तो हलत नाही, कारण त्याचे आटे हाडात घट्ट रुतलेले असतात. ही झाली यांत्रिक पकड. कुंपणाचा खांब जमिनीत ठोकल्यावर उभा राहतो, तशी. पण हाड जिवंत असतं. ड्रिलमुळे आणि दाबामुळे इजा झालेला आट्यांलगतचा हाडाचा भाग शरीर हळूहळू काढून टाकतं आणि त्या जागी नवं हाड तयार करतं. हे नवं हाड टायटॅनियमला थेट भिडून वाढलं, मध्ये मऊ तंतूंचा पडदा आला नाही, की खांबाचं झाड झालं. मग पकड आट्यांची उरत नाही, मुळांची होते.

अडचण मधल्या काळात येते. जुनं हाड निघून जातंय आणि नवं अजून पुरेसं झालेलं नाही, अशी साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यादरम्यान एक घसरण येते. पहिल्या दिवशी घट्ट असलेला इम्प्लांट या काळात थोडा सैल झालेला असतो. डोळ्यांना किंवा जिभेला ते कळत नाही, पण कंपनांवरून स्थिरता मोजणारं यंत्र असतं. ते १ ते १०० मध्ये आकडा देतं. साधारणपणे ७० च्या वर चांगलं आणि ६० च्या खाली जपून, असं मानतात. याच काळात इम्प्लांटवर जास्त भार पडला आणि तो सुमारे १५० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे दीड-दोन केसांच्या जाडीपेक्षा जास्त हलत राहिला, तर हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात. मग तो इम्प्लांट पुढे धरत नाही.

पृष्ठभागावर जे काही केलं जातं, ते ही घसरण कमी करण्यासाठी आणि हे आठवडे वाचवण्यासाठी.

कोटिंग म्हणतात, पण बहुतेकदा ते कोटिंग नसतंच

गिलावा करण्याआधी गवंडी गुळगुळीत काँक्रीटवर टाचे मारतो. टाचे मारले नाहीत तर गिलावा धरत नाही. इम्प्लांटचंही तसंच आहे. त्या गृहस्थांच्या कागदावरचं ‘एसएलए’ म्हणजे वरून लावलेला कुठलाही थर नव्हे. टायटॅनियमवर जोरात कण मारून त्याला खडबडीत करतात आणि मग आम्लात बुडवून त्या खड्ड्यांत आणखी बारीक खड्डे पाडतात. म्हणजे काही चढवत नाहीत, उलट काढून घेतात. दुसऱ्या एका पद्धतीत विद्युतप्रवाह वापरून टायटॅनियमवरचा त्याचाच नैसर्गिक ऑक्साइडचा थर जाड आणि सच्छिद्र करतात. आज चांगल्या समजल्या जाणाऱ्या बहुतेक इम्प्लांटचा खडबडीतपणा सरासरी १ ते २ मायक्रॉनच्या आसपास असतो. बोटाला तो जाणवायचाही नाही.

खरं कोटिंग म्हणावं असं होतं ते हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचं. हाडात असतं त्याच जातीचं हे कॅल्शियम-फॉस्फेट खनिज. १९८० च्या दशकात ते अतितप्त झोतातून टायटॅनियमवर फवारलं जाऊ लागलं. थर साधारण ५० मायक्रॉनचा. कल्पना अगदी पटण्यासारखी होती: हाडाला हाडासारखंच काहीतरी दिलं, तर ते लवकर धरेल. आणि धरलंही. डॅनियल बुसर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये छोट्या जातीच्या डुकरांच्या हाडात सहा प्रकारचे पृष्ठभाग तपासले. गुळगुळीत पृष्ठभागाला हाड २० ते २५ टक्के भिडलेलं होतं, कण मारून आम्लात बुडवलेल्याला ५० ते ६० टक्के, आणि हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटला ६० ते ७० टक्के. कोटिंगचा पहिला नंबर. पण त्याच प्रयोगात तो थर जागोजागी विरघळतानाही दिसला. पुढे लोकांच्या तोंडातही काही ठिकाणी थर झिजणं, सुटणं असे प्रकार आढळले. जुन्या भिंतीच्या रंगाचे पोपडे निघावेत तसं. हाड थराला घट्ट चिकटलेलं, पण थरच धातूला सोडून आलेला.

गंमत अशी की हेच कोटिंग खुब्याच्या कृत्रिम सांध्यात आजही वापरलं जातं आणि तिथे त्याचे निकाल चांगले आहेत. मग तोंडातच काय बिघडतं? खुब्याचा सांधा बसवला की वर त्वचा शिवून बंद होते, बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध संपतो. दाताचा इम्प्लांट मात्र हाडातून निघून हिरडी ओलांडून तोंडात येतो. म्हणजे एक टोक निर्जंतुक हाडात आणि दुसरं टोक अब्जावधी जिवाणूंमध्ये. शरीरात अशी अवघड जागा दुसरीकडे क्वचितच असेल. पुढचं सगळं यावरून ठरतं.

ज्याला कोटिंग नव्हतं, तो चाळीस वर्षं टिकला

टायटॅनियम हाडात रुजतं, हे स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात जवळजवळ अपघातानेच कळलं. सशाच्या पायाच्या हाडात रक्तप्रवाह पाहण्यासाठी बसवलेली टायटॅनियमची उपकरणं प्रयोग संपल्यावर निघेनात. १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी पहिल्यांदा असे इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तेव्हाही ते जागेवर होते. हे इम्प्लांट लेथवर कातलेले, गुळगुळीत होते. त्यावर कुठलीही प्रक्रिया नव्हती.

मग कोटिंगची गरज काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर ब्रोनेमार्क यांच्या पद्धतीत आहे. इम्प्लांट हिरडीखाली पुरून ते खालच्या जबड्यात साधारण तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने त्याला हातही लावत नसत. आणि लार्सन यांचे इम्प्लांट खालच्या जबड्यात होते, जिथलं हाड सहसा घट्ट असतं. वरच्या जबड्याच्या मागच्या भागातलं हाड अनेकांमध्ये फार भुसभुशीत असतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या दोन दंतवैद्यांनी आपल्या १,०५४ गुळगुळीत इम्प्लांटचा हिशेब मांडला. घट्ट हाडात ३ टक्के फसले होते. सगळ्यात मऊ हाडात ३५ टक्के.

खडबडीत पृष्ठभागाने फरक पाडला तो इथे: मऊ हाडात, आणि वाट पाहण्याच्या काळात. तीन-सहा महिन्यांची वाट सहा-आठ आठवड्यांवर आली, आणि मऊ हाडातलं अपयश खूप कमी झालं. ही प्रगती खरी आहे. तिला मी जाहिरात म्हणणार नाही.

आता त्या कागदावरचा तिसरा पर्याय. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून जे विकलं जातं, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत तोच खडबडीत पृष्ठभाग पाणी ओढून घेणारा ठेवलेला असतो. टायटॅनियम हवेत पडून राहिलं की हवेतली कार्बनयुक्त संयुगं त्यावर बसतात आणि ते पाणी झटकायला लागतं. तो इम्प्लांट सलाइनमध्ये बुडवून ठेवला, तर रक्त त्यावर लगेच पसरतं आणि हाडाचं काम लवकर सुरू होतं. बुसर यांच्याच गटाने २००४ मध्ये डुकरांच्या जबड्यात हे मोजलं. दोन आठवड्यांनी पाणी ओढणाऱ्या पृष्ठभागाला ४९ टक्के हाड भिडलेलं होतं, नेहमीच्या खडबडीतला २९ टक्के. चार आठवड्यांनी ८२ आणि ६७. आणि आठ आठवड्यांनी? दोघांत सांगण्यासारखा फरक उरला नव्हता.

माझ्या त्या रुग्णाला मी हेच आकडे कागदाच्या मागे लिहून दाखवले. तिसरा पर्याय खोटा नाही. पण तुम्ही वीस हजार मोजताय ते दात जास्त वर्षं टिकावा म्हणून नव्हे, तो काही आठवडे लवकर मिळावा म्हणून. तुम्हाला घाई आहे का? ते म्हणाले, “घाई कसली, वर्षभर एका बाजूनेच चावतोय.”

खडबडीतपणाची दुसरी बाजू

हाडाच्या पेशींना जे खाचखळगे आवडतात, ते जिवाणूंनाही आवडतात. इम्प्लांटभोवतीचं हाड जागेवर आहे तोवर खडबडीत भाग झाकलेला असतो आणि काही त्रास नसतो. पण हिरडी सुजली, हाड खाली गेलं आणि तो भाग उघडा पडला, की त्यावरचा जिवाणूंचा थर काढणं महाकठीण होतं. नैसर्गिक दाताला पायोरिया होतो, तसाच हा इम्प्लांटचा पायोरिया. बरेचदा तो दुखत नाही. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, आणि लक्षात येईपर्यंत दोन-तीन मिलिमीटर हाड गेलेलं असतं.

हे किती जणांना होतं? इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठाने २०१२ मध्ये ३०३ रुग्णांच्या ५११ एसएलए इम्प्लांटचे दहा वर्षांचे निकाल दिले: ९८.८ टक्के जागेवर, आणि असा संसर्ग १.८ टक्के. जाहिरातीत दिसणारे आकडे साधारण याच प्रकारचे असतात. दुसरा अभ्यास २०१६ चा, स्वीडनमधला. त्यात एखाद्या विद्यापीठाचे निवडक रुग्ण नव्हते, तर देशभरातल्या साध्यासुध्या दवाखान्यांत इम्प्लांट केलेले लोक होते. नऊ वर्षांनी ५८८ जण तपासले. ४५ टक्के लोकांत रक्तस्राव आणि थोडंतरी हाड गेल्याची लक्षणं होती. १४.५ टक्के लोकांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हाड गेलं होतं. हिरड्यांचा आजार आधीपासून असलेल्यांना धोका जास्त होता.

दोन्ही अभ्यास खरे आहेत. पहिला सांगतो की निवडक रुग्णांत, निष्णात हातांनी, काटेकोर तपासण्यांसह काय साधता येतं. दुसरा सांगतो प्रत्यक्षात काय होतं. आपल्यातले बहुतेक जण दुसऱ्या गटात मोडतात.

कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ३८ प्रकारच्या इम्प्लांटची तुलना करणाऱ्या २७ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. अमुक एक प्रकार दीर्घकाळ जास्त टिकतो, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. एक मर्यादित पुरावा मिळाला तो उलट्या दिशेचा: फार खडबडीत, टायटॅनियम फवारलेल्या पृष्ठभागांपेक्षा गुळगुळीत इम्प्लांटमध्ये संसर्गाने हाड जाण्याचं प्रमाण कमी होतं. तो अतिखडबडीत प्रकार आता मागे पडला आहे. आजचा मध्यम खडबडीतपणा ही दोन्ही टोकांमधली तडजोड आहे.

बाजारातला विरोधाभास बघा. एक फलक नॅनो कोटिंगचा आणि त्याच रस्त्यावरचा दुसरा ‘तीन दिवसांत दात’वाला. त्या दुसऱ्या पद्धतीत बहुतेकदा लांब, चकचकीत गुळगुळीत इम्प्लांट जबड्याच्या खोल, टणक हाडात अडकवतात. तिथे ‘गुळगुळीत आहे म्हणून जंतू बसत नाहीत’ हाच विक्रीचा मुद्दा असतो. ज्यांचं हाड फारच झिजलंय अशांसाठी तो एक पर्याय आहे, पण त्याचे दीर्घकालीन, स्वतंत्र तुलनात्मक अभ्यास मोजकेच आहेत. वीस वर्षांचे दावे ऐकताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

परवाना आहे, म्हणजे दावा सिद्ध झाला असं नाही

आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. उपकरणांचे जोखमीनुसार ए ते डी असे वर्ग केले गेले, आणि सी व डी या जास्त जोखमीच्या वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. हाडात वर्षानुवर्षं राहणारी रोपणं याच जास्त जोखमीच्या बाजूला येतात. हे फार आधी व्हायला हवं होतं, पण झालं ते चांगलंच झालं. निदान धातू कुठला, निर्जंतुकीकरण कसं, उत्पादक कोण, याची विचारणा करणारं कुणीतरी आहे.

पण परवान्याचा अर्थ नीट समजून घ्या. आधीपासून मान्य असलेल्या उपकरणाशी साधर्म्य दाखवता आलं, तर प्रत्येक नव्या पृष्ठभागासाठी माणसांवरची वेगळी चाचणी करावीच लागते असं नाही. परवाना सांगतो की हे विकायला हरकत नाही. शेजारच्या पेट्टीतल्यापेक्षा हे सरस आहे, असं तो सांगत नाही. ते ‘सरस’ फलकावर लिहिलेलं असतं, परवान्यावर नाही.

मी काय बघतो

फिटनेसची चिठ्ठी देताना मी साखर बघतो. २००९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात एचबीए१सी ८.१ किंवा त्याहून जास्त असलेल्यांमध्ये ती मधल्या आठवड्यांतली घसरण जास्त खोल होती आणि स्थिरता पूर्ववत व्हायला जास्त काळ लागला. म्हणजे कोटिंगने वाचवलेले आठवडे साखर परत घेते. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होतच नाही, हा गैरसमज आहे. साखर आटोक्यात असलेल्या कितीतरी जणांचे इम्प्लांट उत्तम चाललेत.

तंबाखूचं विचारतो, आणि दोनदा विचारतो. सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट फसण्याचं प्रमाण साधारण दुप्पट असतं. “मी ओढत नाही” म्हणणारे काका गालात बार भरतात आणि काकू सकाळी मिश्री लावतात, हे दुसऱ्यांदा विचारल्यावर कळतं.

आणि हाडांच्या औषधांचं विचारतो. हे रुग्ण स्वतःहून दंतवैद्याला सांगतच नाहीत, कारण ‘दाताचा आणि कमरेच्या हाडाचा काय संबंध?’ हाडं ठिसूळ झाल्यावर आठवड्याला एक घ्यायची गोळी, वर्षातून एकदा सलाइनमधून दिलं जाणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन: या औषधांमुळे जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. ठिसूळ हाडांसाठीच्या डोसमध्ये तो कमी असतो. कर्करोगासाठीच्या मोठ्या डोसमध्ये बराच जास्त असतो आणि तेव्हा इम्प्लांट सहसा टाळतात. मात्र घाबरून औषध परस्पर बंद करू नका. विशेषतः डेनोसुमॅब अचानक थांबवलं, तर मणक्यांची हाडं मोडू शकतात. दंतवैद्य आणि औषध देणारे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावा.

हिरड्यांना आधीच पायोरिया असेल, तर आधी त्याचा उपचार. आणि खर्चाच्या कागदावर मी एक ओळ शोधतो, जी बहुतेकदा नसते: दर सहा महिन्यांच्या तपासणीची आणि सफाईची. वीस हजारांचं कोटिंग असतं, पण पुढच्या पाच वर्षांच्या सफाईचा उल्लेख नसतो.

त्या गृहस्थांना मी चिठ्ठी दिली नाही. ते नाराज झाले. संध्याकाळी मुलाचा फोन आला, “डॉक्टर, बाबांनी सुट्टी बघून तारीख घेतली होती.” औषधं बदलली, रात्रीचा भात कमी झाला, चालणं सुरू झालं. चार महिन्यांनी एचबीए१सी ७.३ आली. त्यांच्या दंतवैद्यांशी फोनवर बोललो. त्यांनीही सांगितलं की खालच्या जबड्याचं हाड चांगलं आहे, मधला पर्याय पुरेसा आहे. हिरड्या आधी साफ करून घेतल्या आणि मग इम्प्लांट बसवले.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने मागायला लावली. इम्प्लांटच्या पेट्टीवर कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं. युरोपात २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा रोपणाची माहिती देणारं कार्ड रुग्णाच्या हातात द्यावं लागतं. इथे न मागता ते क्वचितच मिळतं. आठ वर्षांनी वरची कॅप सैल झाली, तुम्ही दुसऱ्या गावी राहायला गेलात, आणि तुमचा इम्प्लांट कुठल्या कंपनीचा हेच माहीत नसेल, तर नव्या दंतवैद्याकडे तो उघडायला नेमका स्क्रूड्रायव्हरही नसतो. असा एक रुग्ण मी पाहिलाय, तीन दवाखाने फिरून माझ्याकडे गोळी मागायला आलेला.

परवा हे गृहस्थ बीपी तपासायला आले होते. दोन्ही बाजूंनी चावतात आता. पाकीट उघडून दाखवलं: दोन्ही स्टिकरं एका पुठ्ठ्यावर चिकटवून, लॅमिनेट करून, आधार कार्डाच्या मागे ठेवली होती.